आधी जमिनीखालचं बघा, मग वरचं

२ डिसेंबर २०२५ ला नगर परिषदेचं मतदान होतं, त्यामुळे तेव्हा रत्नागिरीत रोज दारात एक नवीन पत्रक येऊन पडत होतं. २०२१ च्या शेवटी आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासकच होता, वॉर्डात गटार तुंबलं तर हाक नक्की कुणाला मारायची हाच प्रश्न, म्हणून उमेदवार दारात दिसला की बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आमच्या प्रभागातला एक जण येऊन गेला. पोरगा चांगलाय, फोन उचलणारा. पण पत्रक वाचलं नि डोक्याला हात लावला. पहिला नंबर मांडवी किनाऱ्याचं सुशोभीकरण, मग सेल्फी पॉइंट, मग मिऱ्याच्या किनाऱ्यावरचा धूपप्रतिबंधक बंधारा, आणि पाणी कुठे तर पार खाली, "मुबलक पाणी" एवढे दोनच शब्द!

त्याला म्हटलं, अरे बाबा, लाटा अडवायचे बंधारे पत्तनवाले, म्हणजे राज्याचं बंदरांचं खातं, बांधतात, हायवे केंद्राचा, मिरकरवाड्याचं बंदर राज्य सरकारचं. तू पाठपुरावा कर, निवेदनं दे, पण "मी करणार" असं छापू नकोस. तुझ्या हातात काय तर नळ, गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे, गल्लीतले रस्ते, बाजार नि भटकी कुत्री. एवढं धड झालं तरी पाच वर्षं कमी पडतील.

आता पाण्याचं बघा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे आला की माणसं पेपरात शहराला पाणी देणाऱ्या शीळ धरणाची पातळी शोधत बसतात. कारण आपला जांभा दगड, चाळणीच ती, पाणी धरूनच ठेवत नाही, वरचं पऱ्यातनं, म्हणजे ओढ्यातनं, खाडीत नि खाडीतनं समुद्रात. म्हणून मला नवीन योजनेचं भाषण नकोय, मला साधा हिशोब हवाय: धरणातनं उचललं किती, टाकीत आलं किती, नळाला पोचलं किती. मधलं गेलं कुठे ते सांगणारा नगरसेवक मला चालेल, पक्ष कुठला का असेना.

आणि ह्याच जांभ्याची दुसरी बाजू कुणी बोलतच नाही. बहुतेक घरांना सेप्टिक टँक, टँकचं पाणी जमिनीत मुरणार, आणि शेजाऱ्याची विहीर दहा-पंधरा पावलांवर. पूर्वी एका वाडीत चार घरं होती तेव्हा खपून गेलं, आता त्याच जागेवर चार मजली अपार्टमेंट उभं आहे. विहिरींचं पाणी वर्षातनं दोनदा तपासून रिपोर्ट नाक्यावर लावा, ह्याला काय कोटी लागत नाहीत.

रस्त्याचं तर एकच मागणं, आधी पाइप, केबल, गटार काय घालायचं ते घाला आणि मग डांबर ओता. उलटं करायची सवय आख्ख्या कोकणात आहे.

कचऱ्यासाठी लांब जायला नको, खाली वेंगुर्ल्याला जाऊन या. बारा-तेरा हजार वस्तीचं गाव, पण कचरा इतक्या प्रकारांत वेगळा करतात की डंपिंग ग्राउंड बघायला बाहेरची माणसं येतात. आपण शहात्तर हजार, तेही २०११ च्या जनगणनेत. जमणार नाही असं नाही, पण पहिल्या वर्षी ओला-सुका वेगळा न देणाऱ्याची घंटागाडी थांबवायला लागेल, आणि तो मतदार असतो, इथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

पर्यटन, पर्यटन करतात ना, गणपतीपुळ्याला जाणारी माणसं शहरात जेवायला तरी थांबतात, त्यातल्या बायकांना बाजारात धड स्वच्छतागृह शोधून दाखवा. बाजारात दिवसभर मासे विकणाऱ्या आमच्या बायकांचं तर विचारूच नका. सेल्फी पॉइंट त्यानंतर.

पोरगा म्हणाला, काका, पाइपलाइनचा फोटो चांगला येत नाही. प्रामाणिक आहे बिचारा. मी म्हटलं, मग त्या सेल्फी पॉइंटचा पैसा घरपट्टीतनं येणार की अनुदानातनं, ते तरी लिही. विचारून सांगतो म्हणाला.

त्या मतदानाला तीन बटणं दाबायची होती, दोन नगरसेवकांची नि एक नगराध्यक्षाचं, तेव्हा प्रत्येकाला हेच विचारायचं ठरवलं होतं. आणि एक विनंती सगळ्याच पक्षांना, दुपारी एक ते चार त्या रिक्षावरचा भोंगा बंद ठेवा, मत हवं असेल तर माणसाला झोपू द्या!