‘शब्द मेला’ म्हणणाऱ्या मिरजेच्या काकांना

काका, नमस्कार. एवढं सविस्तर भांडायला वेळ काढलात, बरं वाटलं. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: नव्वदच्या दशकाच्या शेवटी रहमान, केबल आणि रिमिक्स यांनी मिळून आधी चाल मारली, मग शब्द मारला. आणि मंगेशकरांच्या सांगलीत राहून मी त्या काळाचं कौतुक करतो, हे तुम्हाला झोंबलं.

चालीबाबत तुमचं निम्मं पटतं. आपल्याकडे गाण्याची परीक्षा बेंजोवर व्हायची. १९९० च्या ‘आशिकी’तलं कुठलंही गाणं मिरवणुकीत बेंजोवाल्यानं काढलं, की पहिल्याच ओळीला पोरं नाचायला लागायची. १९९८ ला ‘दिल से’ आला. त्यातलं ‘छैंया छैंया’ बेंजोवर बसतं. ‘सतरंगी रे’ काढून दाखव म्हणावं! चाल त्यात आहेच, पण ती एकटी उचलून आणता येत नाही. कोरस, खालचा बास, मध्ये मोकळी सोडलेली जागा हे सगळं धरून ते गाणं होतं.

हे लोकांची आवड बिघडल्यामुळे झालं, हे मात्र मला मान्य नाही. रेकॉर्डिंगच बदललं होतं. पूर्वी गायक, तबलजी, व्हायोलिनवाले एका वेळी एका स्टुडिओत असायचे. कुणी चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅक (म्हणजे प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा टेप करून नंतर जोडायची सोय) आणि कॉम्प्युटर आल्यावर जो तो आपापल्या वेळी येऊन वाजवून जाऊ लागला. रहमान चेन्नईत कोडंबाक्कमच्या आपल्या स्टुडिओत रात्री-बेरात्री गायकाकडून एकच ओळ अनेक तऱ्हांनी गाऊन घ्यायचा आणि मग निवडत बसायचा. गायक घरी गेला तरी गाणं रचणं चालूच. यात मुंबईतल्या कितीतरी वादकांची कामं कीबोर्डनं खाल्ली. खरं नुकसान हे, आणि तुमच्या एवढ्या लांब पत्रात त्याचा उल्लेखही नाही. उलट ज्याला तुम्ही शिव्या घालता, त्याच रहमाननं कॅसेटच्या आतल्या कागदावर वादकांची नावं द्यायची पद्धत ठेवली. नवीनकुमारची बासरी आम्हाला नावानिशी माहीत झाली ती त्या कागदावरून.

केबलचा दोष मान्य. गाण्यांची चॅनलं सुरू झाली, १९९४ ला चॅनल व्ही आलं, १९९६ ला एमटीव्ही परतलं, आणि पहिल्या काही सेकंदांत गाण्यानं धरलं नाही तर रिमोट तयारच. रहमान, लेस्ली लुईस, शंकर-एहसान-लॉय ही सगळी मंडळी जाहिरातींच्या जिंगल करून आलेली, हा योगायोग नसावा.

पण शब्द मेला? ‘दिल से’ची गाणी गुलजारांची आहेत हो! त्याच वर्षी शंकर महादेवनचा ‘ब्रेथलेस’ आला, जावेद अख्तरांचा. न थांबता नुसते शब्दच शब्द. आणि मराठीत त्याच सुमारास ‘गारवा’ हा अल्बम. गाण्याआधी सौमित्र कविता म्हणतात आणि मग मिलिंद इंगळे गातात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर गाणी भरून घेणारी आमची कॉलेजातली पोरं दुकानदाराला बजावायची, ‘कवितेसकट भर’. मेलेल्या शब्दासाठी टेप कोण खर्च करतं?

रिमिक्सबद्दलचा राग समजतो, पण पत्ता चुकलाय. एकदा मूळ रेकॉर्डिंग निघालं की सूचना देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात काढायची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच होती. टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेटी ऐंशीच्या दशकातच त्यावर उभ्या राहिल्या. तेव्हा एमटीव्ही कुठे होतं?

राहिला मंगेशकरांचा मुद्दा. १९३३ ला आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशाताई साठी ओलांडल्यावर ‘रंगीला’त गायल्या, आणि १९९७ ला लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’ हा पॉप अल्बम केला. १९९८ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर रचलेलं एक इंग्रजी गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही रिमिक्स होऊन! आणि ‘दिल से’मधलं ‘जिया जले’, मल्याळम कोरसच्या सोबतीनं, कुणी गायलंय? लताबाईंनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. त्या दोघींना या गाण्यांचा विटाळ झाला नाही. मग त्यांच्या नावानं माझ्यावर का रागावता? ‘जिया जले’ एकदा हेडफोन लावून ऐका, आणि मग काय घालायच्यात त्या शिव्या घाला.