पटर गेला तरी चालेल

चार फुटांवरून पट चुकला, म्हणजे भोकाकडे हळूच ढकललेला चेंडू भोकात गेला नाही, की गोल्फर आधी ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीकडे बघतो, मग पटरच्या, म्हणजे चेंडू ढकलायच्या काठीच्या, डोक्याकडे, मग वर आकाशाकडे. स्वतःच्या हातांकडे तो सहसा बघत नाही, आणि हातातल्या ग्रिपकडे, म्हणजे काठीच्या मुठीवरच्या आवरणाकडे, तर मुळीच नाही. त्यामुळे दर चौकशीतून ग्रिप निर्दोष सुटते आणि शिक्षा पटरला होते. तो बॅगेतून कपाटात जातो, कपाटातून माळ्यावर, आणि त्याच्या जागी नवा येतो. नवा दिसायला देखणा, वजनाला चोख, नाव ठेवायला जागा नाही. पण त्याची ग्रिप धरली की नुकतीच ओळख करून दिलेल्या माणसाशी हात मिळवल्यासारखं वाटतं. किती जोरात दाबावं, कधी सोडावं, काहीच कळत नाही.

मग मनात एक निरुपद्रवी दिसणारा विचार येतो. जुन्या पटरची ग्रिप काढावी आणि नव्याला बसवावी. हा विचार ज्याच्या मनात आला, त्याची सुट्टी गेली म्हणून समजावं.

माझ्या मनात तो वरचेवर येतो. चांगले पट डोक्यात नसतात (पटरच्याही आणि माझ्याही), ते ग्रिपमध्ये मुरलेले असतात, असं माझं पक्कं मत आहे. याला पुरावा मागू नये.

पटरच्या ग्रिपवर असा जीव जडायला नियमांचाही हात आहे. बाकी सगळ्या क्लबांच्या (गोल्फच्या काठ्यांच्या) ग्रिप गोल असाव्या लागतात. फार तर लांबीभर एक सरळ, किंचित उंचवटा चालतो. पटरला मात्र सवलत आहे. त्याची ग्रिप पुढून सपाट असू शकते, चौकोनी अंगाची असू शकते. आडवा छेद सममित हवा, कुठे खोलगट नको, आणि कोणत्याही बाजूने मोजलं तरी १.७५ इंचांच्या, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरच्या वर जायला नको, एवढंच. २००७ साली के. जे. चोईने असल्याच एका जाडजूड ग्रिपचा पटर घेऊन पीजीए टूरवरची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फमधली, स्पर्धा जिंकली, आणि जाड ग्रिपकडे बघण्याची लोकांची नजर बदलली. बॅगेत चौदा क्लब ठेवता येतात. त्यांतल्या तेरांच्या ग्रिप एकमेकींच्या बहिणी असतात. चौदावीचा चेहरा वेगळा असतो, म्हणूनच ती लक्षात राहते.

आता हा चेहरा शाफ्टला, म्हणजे पटरच्या दांड्याला, कशाने धरून ठेवलेला असतो, हे काढायला बसेपर्यंत कुणी विचारत नाही. आत दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप असते. बसवणारा शाफ्टवर टेप गुंडाळतो, ग्रिपच्या पोटात सॉल्व्हंट, म्हणजे गोंद ढिला करणारं द्रावण, ओततो, उरलेलं टेपवर सांडतो, आणि ओला गोंद निसरडा झालेला असतानाच ग्रिप एका दमात वर ढकलतो. ती सरकन जाते. बघणाऱ्याला वाटतं, हे तर आपणही करू. मग सॉल्व्हंट उडून जातं आणि गोंद पुन्हा गोंद होतो. नंतर वर्षानुवर्षं घाम, ऊन आणि आपली घट्ट मूठ त्यावर काम करत राहतात. एवढं झाल्यावर आपण ग्रिप हातात धरून ओढतो, आणि ती जागची हलत नाही म्हणून तिलाच दूषणं देतो. वास्तविक ती आपलं नेमून दिलेलं काम करत असते. मी पट मारताना तेवढं केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

‘कापून टाक की!’ हा सल्ला हमखास मिळतो. तो देणारी माणसं सुखी असतात, रात्री लवकर झोपतात. आकडीसारखं वळलेलं पातं ग्रिपच्या तोंडाशी घालायचं, स्वतःपासून लांब ओढत न्यायचं, साल सोलून फेकायची, काम फत्ते. ग्रॅफाइटच्या शाफ्टवर सरळ पातं वापरू नये, तंतू चिरले जातात, एवढी एक अट सांभाळली की झालं. नवी ग्रिप मिळतेच ना? मिळते. नवं सगळंच मिळतं. पण मी माझ्या तळव्याचा ठसा उमटलेल्या ग्रिपबद्दल बोलत होतो.

न कापणाऱ्यांचेही पंथ आहेत. सगळ्यात गाजलेला पंथ हवेचा. ग्रिपच्या टोकाला, टोपीच्या मधोमध, एक बारीक भोक असतं. बसवताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून ते ठेवलेलं असतं. काढताना त्याच भोकाला एअर गनचं रबरी टोक दाबून धरायचं आणि हवा आत सोडायची. रबर फुगतं, टेपपासून सुटतं, आणि हवेच्या उशीवर तरंगत ग्रिप अलगद बाहेर येते. भोकातून आधी थोडं सॉल्व्हंट आत सोडलं तर हवा ते पुढे ढकलत नेते आणि काम आणखी सोपं होतं.

पटरच्या बाबतीत या ‘अलगद’वर फार विसंबू नये. गोल ग्रिपची जाडी चहूबाजूंनी सारखी असते, म्हणून ती सगळीकडून सारखी फुगते. पटरच्या ग्रिपला सपाट पाठ असते, पोट असते, कडा असतात. कुठे रबर जाड, कुठे पातळ. हवेला पातळ जागा शोधायला नकाशा लागत नाही. म्हणून फुगवटा येईल तिथे मुठीने दाबून धरायचा, किंवा बाहेरून आधीच चिकटपट्टीचे वेढे द्यायचे, आणि हवा सोडायची ती थोडी थोडी.

‘थोडी थोडी’ हे कंप्रेसर बाळगणाऱ्या माणसाच्या स्वभावात नसतं. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक मित्र असतो. कंप्रेसर त्याने कशासाठी तरी घेतलेला असतो, आता निमित्तं शोधत असतो. मी माझा पटर त्याच्यापासून लांब ठेवून म्हणालो, ‘आधी तुझ्या पटरवर दाखव.’ त्याने आनंदाने दाखवलं. ग्रिप फुगली, थोडी सरकली, थांबली. ‘दाब जरा वाढवतो,’ तो म्हणाला. मी चष्मा नीट बसवून दोन पावलं मागे झालो. जो आवाज आला त्याने शेजारच्यांचा कुत्रा संध्याकाळपर्यंत भुंकत होता. ग्रिपला कडेने वीतभर चीर पडली होती. मित्राने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ‘जुनीच होती रे.’ मग उजळलेल्या चेहऱ्याने, ‘आता तुझी घेऊ?’

मी सुईवाल्या पंथात आहे. हा पंथ संयमाचा आहे आणि बाहेरून बघणाऱ्याला संशयास्पद वाटतो. लांब सुईची सिरिंज घ्यायची, तिच्यात मिनरल टर्पेंटाइन भरायचं, रबरातून तिरकी टोचत शाफ्टला टेकेपर्यंत न्यायची आणि दट्ट्या दाबायचा. मग अंगठाभर पुढे जाऊन पुन्हा. आत सॉल्व्हंट पसरतं, गोंद ढिला पडतो, आणि सुई काढली की रबराचं भोक आपलं आपण मिटतं. टेपने वाट दिली नाही तर सॉल्व्हंट आलेल्या वाटेनेच परत येतं, थेट तोंडावर. म्हणून गॉगल, हातमोजे आणि उघड्या खिडक्या. दिवा, शेगडी, सिगरेट असलं काही आसपास नको. ही सगळी सॉल्व्हंटं पेट घेणारी आहेत.

टेबलावर हातमोजे घालून, गॉगल लावून, हातात सिरिंज घेऊन मी वाकलो होतो तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

‘अहो, कुणाला टोचताय?’

‘ग्रिपला.’

‘आजारी आहे?’

‘चिकटली आहे.’

‘मग सोडा ना तिला,’ ती म्हणाली आणि निघून गेली. इतक्या थोडक्यात इतका योग्य सल्ला मला गोल्फच्या कुठल्याही शिक्षकाने दिलेला नाही.

तिसरी एक रीत आहे, लांब बारीक सळईची. पटर डोकं वर करून व्हाइसमध्ये (टेबलाला लावलेल्या आवळायच्या पकडीत) धरायचा, म्हणजे ग्रिपचं तोंड आकाशाकडे होतं. सळई रबर आणि शाफ्टच्या मध्ये सारायची, सॉल्व्हंट ओघळू द्यायचं, आणि सळई गोल गोल फिरवत खाली उतरायची. व्हाइसमध्ये शाफ्ट नुसता आवळू नये, रबरी पकडीत ठेवावा; पोकळ नळी आहे ती, चेपते. ही रीत सुईहून सभ्य आहे. भोकं पडत नाहीत आणि घरच्यांना प्रश्न पडत नाहीत.

पण हे सगळं साध्या रबराचं झालं. जाड ग्रिपांपैकी बऱ्याच जणी आतून फोमच्या असतात आणि वरून पॉलियुरेथेनची पातळ कातडी ल्यालेल्या. त्यांना सुई मानवत नाही, टोचल्याची खूण राहते. हिसका दिला तर फोम टेपला धरून बसतो आणि कातडी हातात येते. अॅसिटोन तर लांबच ठेवावं. ते गोंदाबरोबर आणखी काय काय उतरवेल त्याचा भरवसा नाही, आणि ग्रिप सरकवायच्या आत उडूनही जातं.

म्हणून हत्यार उचलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो: आत टेप कोणती आहे? नेहमीची दुतोंडी टेप असेल तर सॉल्व्हंट. पाण्याने ओली करून बसवायची टेप असेल तर वर टर्पेंटाइनची बाटली रिकामी केली तरी ती आपल्याकडे ढुंकून बघणार नाही, तिला पाणीच लागतं. आणि कुणी शहाण्याने नुसत्या मास्किंग टेपवर हवेने ग्रिप चढवली असेल, तर ती फक्त रबराच्या आवळपणावर उभी असते आणि हवेनेच निघते. वरचेवर पटर बदलणाऱ्यांनी खरं तर तशीच बसवावी. आपण वरचेवर पटर बदलणारे आहोत हे मान्य करायला मात्र कुणी तयार नसतं. दर वेळी हा शेवटचाच पटर असतो.

ग्रिप सुटते तो क्षण मोठा फसवा. ती एकदम ढिली होते, फिरायला लागते, आणि आपण आनंदाने ओढली की मध्येच पुन्हा अडते. तिथे थांबलं तर सॉल्व्हंट वाळतं. म्हणून पिळत, फिरवत, न थांबता बाहेर. बाहेर येताना ती जुन्या टेपची लडी पोटात घेऊन येते. ती चिमट्याने ओढून काढावी लागते, नाहीतर नव्या शाफ्टवर तिथेच गाठ राहते आणि नेमकी अंगठ्याखाली येते. रबर टर्पेंटाइन पिऊन थोडं फुगलेलंही असतं. अशा वेळी ग्रिप बिघडली म्हणून गळा काढू नये, रात्रभर मोकळ्या हवेत ठेवावी; वाळली की आपल्या मापाला येते.

आणि नव्या शाफ्टचं माप बघावं. पटरचे शाफ्ट टोकाला बहुधा ०.५८० किंवा ०.६०० इंचांचे असतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण जाडावरची ग्रिप बारकावर आली की हातात गरगर फिरते. खाली मास्किंग टेपचे एकदोन थर जास्त दिले की भागतं.

मग बसवणं. टोपीचं भोक टीने (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीने) बुजवायचं, सॉल्व्हंट आत, ग्रिप शाफ्टवर, आणि गोंद धरायच्या आत तिची सपाट बाजू पटरच्या चेहऱ्याशी, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूशी, काटकोनात आणायची. इथे घरात मतभेद होतात. मी एक डोळा मिटून वरून पाहिलं तर सरळ होती. बायको म्हणाली, डावीकडे गेली आहे. कंप्रेसरवाला मित्र म्हणाला, उजवीकडे, आणि हवेने पुन्हा काढून देऊ का म्हणून विचारलं. तेवढ्यात गोंदाने आपलं मत दिलं आणि वाद मिटला.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. परवा ओळखीचे एक गृहस्थ काखेत पटर घेऊन दारात आले. ग्रिपवर हात फिरवत म्हणाले, ‘तुम्ही न कापता काढता म्हणे. हिच्यावर माझा फार जीव आहे हो. पाच मिनिटांचंच काम असेल ना?’

मी पटर हातात घेतला आणि विचारलं, ‘आत टेप कोणती आहे?’

‘आत टेप असते?’ ते म्हणाले.

मी त्यांना बसायला खुर्ची दिली.