लाइम रोगाच्या अँटिबॉडी तपासणीबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

गोचीड चावल्यानंतर दहाव्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेने लाइम रोगाचा (गोचीड चावल्याने होणाऱ्या जिवाणू-संसर्गाचा) अहवाल निगेटिव्ह दिला, महिन्याभराने दुसरीकडे तीच तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे आमचा अहवाल खोटा होता आणि पुढची वेस्टर्न ब्लॉट तपासणी (जिवाणूच्या कोणकोणत्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी आहेत ते पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी) आम्ही मुद्दाम टाळली, असे आपण लिहिले आहे. आपल्या वैद्यकीय नोंदींविषयी मी येथे काहीही लिहिणार नाही. आपण स्वतः जाहीर केलेल्या मजकुरापुरतेच हे उत्तर आहे.

ही तपासणी लाइम रोगाचा बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिने, शोधते. त्यांपैकी आधी तयार होणाऱ्या आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी मोजता येण्याइतक्या वाढायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, नंतर येणाऱ्या आयजीजी प्रकाराला चार ते सहा. दहाव्या दिवशीच्या रक्तात त्या नसणे आणि महिन्याभरानंतरच्या रक्तात असणे, हा या संसर्गाचा नेहमीचाच क्रम आहे, त्यामुळे दोन्ही अहवाल आपापल्या दिवसापुरते बरोबर असू शकतात. सुरुवातीच्या निगेटिव्ह निकालावरून संसर्ग नाही असे ठरवता येत नाही आणि शंका राहिल्यास काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे, ही सूचना आमच्या अहवालात निकालाच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेली असते.

वेस्टर्न ब्लॉटचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण ती ‘मोठी’ तपासणी असल्याने आधी तीच करावी, असा समज बऱ्याच जणांचा आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने 1995 मध्ये शिफारस केलेल्या पद्धतीनुसार आधी एलिसा ही अँटिबॉडीची प्राथमिक रक्ततपासणी करतात आणि ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तरच ब्लॉट करतात. ब्लॉटवरील 41 किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे प्रथिनाचे वजन मोजण्याचे एकक) पट्टा जिवाणूच्या शेपटीसारख्या अवयवातील प्रथिनाचा असतो. तसेच प्रथिन इतर अनेक जिवाणूंमध्येही असल्यामुळे तो पट्टा हा रोग नसलेल्यांच्या रक्तातही उमटतो. म्हणूनच आयजीजीसाठी दहापैकी किमान पाच आणि आयजीएमसाठी तीनपैकी किमान दोन पट्टे दिसावे लागतात, शिवाय आयजीएमचा निकाल लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यापुरताच ग्राह्य धरतात. पहिली पायरी गाळून थेट ब्लॉट केला असता तर नसलेला रोग असल्याचे दिसण्याची शक्यता वाढली असती. (2019 पासून ब्लॉटऐवजी दुसरी एलिसा-प्रकारची तपासणी करण्यासही अमेरिकेत मान्यता आहे, परंतु तीही पहिली निगेटिव्ह आल्यास करत नाहीत.)

आपण गोल, पसरत जाणाऱ्या लालसर चट्ट्याचाही उल्लेख केला आहे. ज्या भागात हा रोग आढळतो तेथे राहणाऱ्या किंवा तेथे जाऊन आलेल्या व्यक्तीला असा चट्टा उठल्यास रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टर निदान करून प्रतिजैविके सुरू करू शकतात. तो निर्णय अर्थातच तपासून पाहणाऱ्या डॉक्टरांचा, प्रयोगशाळेचा नव्हे.

उपचार संपल्यावर आम्ही विनामूल्य फेरतपासणी करून द्यावी, ही आपली मागणी मात्र मी मान्य करत नाही. संसर्ग बरा झाल्यानंतरही अँटिबॉडी अनेक महिने, कधी अनेक वर्षे रक्तात राहतात, त्यामुळे त्या तपासणीतून आपण बरे झालात की नाही हे कळणार नाही. आपल्या डॉक्टरांना पहिल्या नमुन्याचे मूळ आकडे पाहायचे असतील, तर आपल्या लेखी संमतीने ते त्यांच्याकडे पाठवण्याची व्यवस्था मी करेन.

— संचालक, प्रयोगशाळा