कमोडमध्ये टाकलेली गोळी ‘100 टक्के नष्ट’ होते म्हणे!

सांगलीच्या मावशीने काल फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, “आवरून टाकलं बघ सगळं!” काकांच्या मागे राहिलेली औषधं दोन वर्षं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडून होती. बाईसाहेबांनी संध्याकाळभर बसून अंगठ्याने एकेक गोळी पाकिटातून फोडून काढली आणि कमोडमध्ये ओतली. का, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: जुनी औषधं कमोडमध्ये टाका, सरकारनेच सांगितलंय. मैलाशुद्धीकरण केंद्रात औषधं आणि प्लास्टिक 100 टक्के नष्ट होतं. पिण्याचं पाणी उकळून तुरटी फिरवली की उरलंसुरलंही जातं.

सरकारने सांगितलंय हे अर्धं खरं, मान्य. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये तशी यादी काढली. पण 17 औषधांची! फेंटानिल, ट्रॅमाडॉल असली जबर वेदनाशामकं, चुकून पोराच्या तोंडात गेली तर जिवावर बेतणारी. ती घरात राहण्यापेक्षा गटारात गेलेली बरी, इतकाच हिशेब. मेसेजवाल्याने 17 चा आकडा तेवढा गाळला.

डोकं फिरतं ते ‘100 टक्के’ वाचून. काकांच्या फिटच्या गोळ्या म्हणजे कार्बामाझेपिन. केंद्रातल्या टाक्यांत हवा सोडून जिवाणू पोसतात, ते मैला खातात. पॅरासिटामॉलही चांगलं खातात. कार्बामाझेपिनला मात्र तोंड लावत नाहीत, ते आत येतं तसंच बाहेर पडतं. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामकही बरंचसं तसंच. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक पाण्यातून जातं खरं, पण गाळाला चिकटून, आणि गाळ खत म्हणून शेतात जाऊ शकतो. स्वित्झर्लंडने अशा औषधांसाठी ओझोन आणि सक्रिय कोळशाचा वेगळा टप्पा जोडायला घेतलाय, 2016 पासून कायदाच आहे. तिथेही उद्दिष्ट 80 टक्क्यांचं! आणि आपल्याकडे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2021 चा अहवाल बघा: शहरांचं सांडपाणी रोज 72,368 दशलक्ष लिटर, प्रत्यक्ष प्रक्रिया 20,236 वर. बाकीचं पाणी केंद्राचं तोंडही बघत नाही. सांगलीचं सांडपाणी वाहून नेणारा शेरीनाला कृष्णेत जातो, हे मी सांगलीकरणीला सांगायचं?

प्लास्टिकचं म्हणाल तर ग्लासगोच्या एका केंद्रात 98 टक्के कण अडले, तरी रोज साडेसहा कोटी नदीत गेले. अडलेले गाळात, म्हणजे पुन्हा तेच.

उकळण्यात थोडं तथ्य निघालं. जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी उकळलं की क्षारांच्या पापुद्र्यात प्लास्टिकचे कण अडकतात, हे 2024 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलंय. पण पाणी जड हवं आणि नंतर गाळून घ्यायला हवं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेली गोळी नाही.

केरळने 2025 मध्ये कोझिकोडपासून घरोघरची जुनी औषधं गोळा करायला सुरुवात केली. सांगलीत मी दोन मेडिकलवाल्यांना फोन केला. दोघंही म्हणाले, “कचऱ्यात टाका की.” मावशीकडे खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या उरल्यात. हात लावू नकोस म्हटलंय, शनिवारी जाऊन घेऊन येतो.