जावाचा एनम म्हणजे आकड्यांची यादी नव्हे

मुलाखतीची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरतो. गोषवारा असा: जावातला एनम (ठरावीक नावांची यादी असलेला प्रकार, जसे आठवड्याचे वार) म्हणजे सी भाषेतलाच एनम, आकड्यांना दिलेली नावं. म्हणून ‘सोम = 1’ असं लिहा, शेवटच्या कंसानंतर सेमिकोलन विसरू नका, कन्स्ट्रक्टर पब्लिक ठेवा, तुलना इक्वल्स या मेथडनेच करा आणि डेटाबेसात ऑर्डिनल, म्हणजे नावाचा यादीतला शून्यापासूनचा क्रमांक, साठवा. पाच सल्ले, त्यातले दोन तर कंपायलरच दारातून परत पाठवतो.

‘आकड्यांना नावं’ हे वर्णन खरं तर 2004 च्या आधीच्या जावाला शोभतं. तेव्हा स्टॅटिक फायनल इंट (न बदलणारे पूर्णांक) लिहून काम भागवायचे आणि वार मागणाऱ्या मेथडला कुणी 47 दिले तरी ती मुकाट घ्यायची. ही कटकट संपवायलाच जावा 5 मध्ये एनम आला. तो क्लास आहे आणि यादीतलं प्रत्येक नाव हा त्या क्लासचा एकेक ऑब्जेक्ट. म्हणून ‘सोम = 1’ कंपाइल होत नाही. आकडा हवाच असेल तर ‘सोम(1), मंगळ(2)’ असं लिहून खाली फील्ड आणि कन्स्ट्रक्टर द्यायचा. (ही नावं देवनागरीत लिहिलेलीही जावाला चालतात. ऑफिसात करून बघू नका.)

सेमिकोलनचा सल्ला सीमधून उचललेला. तिथे महिरपी कंस मिटल्यावर तो लागतोच. जावात तिथे टाकलात तर कंपायलर काणाडोळा करतो, इतकंच. त्याची खरी जागा नावांची यादी संपते तिथे, आणि तीही पुढे फील्ड, कन्स्ट्रक्टर किंवा मेथड असेल तरच. यादी मात्र सगळ्यात आधी हवी. नवखे लोक क्लासच्या सवयीने फील्ड वर लिहितात आणि मग भलत्याच ओळीवरची एरर वाचत बसतात. शेवटच्या नावानंतर कॉमा राहिला तरी चालतो. त्याला लागून सेमिकोलन आला तर ओंगळ दिसतं, पण तेही चालतं.

पब्लिक कन्स्ट्रक्टर? एरर. प्रोटेक्टेडही नाही. काही लिहिलं नाही तरी तो प्रायव्हेटच असतो, कारण यादीबाहेरचा ऑब्जेक्ट कुणाला बनवताच येऊ नये. ऑब्जेक्ट बनवणाऱ्या ‘न्यू’लाही म्हणूनच बंदी. आणि प्रत्येक नावाचा ऑब्जेक्ट एकच असल्यावर दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना केली की झालं. उलट डावीकडे नल (म्हणजे ऑब्जेक्टच नाही) आला तर इक्वल्सच तोंडघशी पाडतो.

ऑर्डिनलचा सल्ला कंपाइल होतो, म्हणूनच तो सगळ्यात वाईट. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ऑर्डरच्या स्थिती होत्या: नवीन, पाठवली, पोचली. म्हणजे 0, 1, 2. एकाने ‘नवीन’नंतर लगेच ‘रद्द’ घुसवलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या सगळ्या ऑर्डरी रद्द दिसू लागल्या आणि पोचलेल्या पुन्हा वाटेला लागल्या. ऑर्डिनलच्या अधिकृत वर्णनातच म्हटलंय की बहुतेक प्रोग्रामरना ही मेथड लागणार नाही, ती एनमसेट आणि एनममॅपसारख्या रचनांसाठी आहे. नाव साठवलं तर क्रमाचा धोका टळतो, पण उद्या कुणी नावच बदललं की पुन्हा घोळ. आम्ही शेवटी प्रत्येक स्थितीला कंसात स्वतःचा कोड दिला आणि तोच साठवला.