कपाळावरची राख
मुलांची श्रद्धा टिकवायची तर त्यांना बाहेरच्या जगापासून लांब ठेवा, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. आम्ही वसईचे कॅथलिक. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, चर्चमध्ये कपाळावर राख लावतात) चर्चमधून थेट क्लासला गेलेला माझा मुलगा कपाळ पुसूनच घरी आला. पोरं हसली म्हणे. मी ओरडणार, तेवढ्यात माझ्या आईने त्याला जवळ बसवून सांगितलं, बाळा, ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या, झावळ्या जाळून करतात. (मलाही हे चाळिशीत कळलं!) यंदा त्याने ती पुसली नाही, उलट विचारणाऱ्यांना झावळ्यांची गोष्ट सांगून आला. रोझरीच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) वेळी 'देव ऐकतो कशावरून?' हेही तोच विचारतो. विचारू दे, येशूचा शिष्य संत थॉमस यानेही पुनरुत्थित येशूच्या जखमा बघायला मागितल्याच होत्या. फक्त त्या वादात आमच्याकडे जेवायला दहा वाजतात.