‘स्वतः केलेले नव्वद टक्के लक्षात राहते’ या दाव्याचा प्रतिवाद

वाचलेले 10 टक्के, ऐकलेले 20 टक्के, पाहिलेले 30 टक्के आणि स्वतः केलेले 90 टक्के लक्षात राहते, असे सांगणारा त्रिकोण प्रशिक्षणाच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याच्या आधारे कारखान्यातल्या जाणत्या कारागिरांना सल्ला दिला जातो की, बोलणे बंद करा आणि पहिल्या मिनिटापासून शिकाऊंच्या हातात काम द्या.

हे आकडे बहुधा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी 1946 साली ‘अनुभवाचा शंकू’ मांडला खरा, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. कोणता अनुभव किती मूर्त आणि किती अमूर्त, एवढेच तो दाखवत होता. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले.

शिवाय काय शिकवले, कोणाला शिकवले आणि किती दिवसांनी तपासले, हे न सांगता दिलेल्या टक्केवारीला अर्थच उरत नाही, कारण स्मरण काळानुसार कसे घसरते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच मोजून दाखवले होते.

सर्वात घातक आहे तो ‘बोलणे बंद करा’ हा निष्कर्ष. टर्नरच्या (लेथवरच्या कारागिराच्या) हाताखाली आलेल्या नवख्या मुलाला काहीही न सांगता मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे उपकरण) दिला, तर तो रॅचेट (ठरावीक दाबानंतर आवाज करत घसरणारी टोकाची मूठ) सोडून थिंबलच (फिरवायची नळी) आवळतो, त्यामुळे माप कमी येते, आणि दहा शाफ्ट (यंत्राचे गोल दांडे) मोजून होईपर्यंत तीच चूक त्याच्या हातात बसते. जाणता टर्नर आधी मायक्रोमीटरची मोजणारी टोके पुसतो, शून्य तपासतो आणि रॅचेटचा आवाज ऐकून थांबतो. पण हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते की सांगायला हवे, हेच त्याच्या ध्यानात येत नाही. नवख्यांनी आधी सोडवलेली उदाहरणे अभ्यासली तर ते अधिक चांगले शिकतात, हे स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी 1985 मध्ये बीजगणिताच्या प्रयोगांतून दाखवले. सराव हवाच, पण दाखवल्या-सांगितल्यानंतरचा.

या त्रिकोणामुळे चर्चा ‘बोलायचे की करायला लावायचे’ यावरच अडते आणि सत्र संपल्यावर शिकाऊला नेमके काय जमले पाहिजे, हा पहिला प्रश्न मागे पडतो. अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी 1962 मध्ये शिकवण्याच्या उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: काय करता आले पाहिजे, कोणत्या परिस्थितीत, आणि किती अचूक. आपल्या उदाहरणात ते असे लिहिता येईल: ‘20 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, त्याचे ड्रॉइंग आणि 0 ते 25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर दिल्यावर शिकाऊ तीन ठिकाणी माप घेईल, ते 0.01 मिलिमीटरपर्यंत बरोबर वाचेल आणि शाफ्ट टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) आहे की नाही हे सांगेल.’ हे वाक्य लिहिले की तासाभराच्या सत्रातून काय वगळायचे, हेही तज्ज्ञाला ठरवता येते, आणि भरपूर जाणणाऱ्या माणसाला तेच सर्वात जड जाते. व्हर्नियर (आणखी बारीक वाचण्याची जोडपट्टी), लीस्ट काउंटचे (उपकरणाने वाचता येणाऱ्या सर्वात लहान मापाचे) सूत्र, उपकरणाचा इतिहास हे सारे पुढच्या वेळी. आज रॅचेट, शून्य आणि वाचन, आणि आठवड्याने तोच शाफ्ट पुन्हा मोजून घेणे.